‘पिठूर’: चार रात्री आणि एक सकाळ

१३ जुलै २०२५, रविवार

आज नक्की केलं. दस्तयेवस्कीच्या ‘व्हाइट नाइट्स’वर सिनेमा करायचा, इंदुरातच करायचा आणि आपण घरात बोलतो त्याच मराठीत करायचा. तासाभराचा. आम्ही सातजण. कॅमेरा दादाचा, म्हणजे माझ्या मावसभावाचा. एरवी तो लग्नाची शूटिंग करतो. पैसे सगळ्यांनी मिळून काढलेत.

पुढे कामाच्या गडबडीत मूळ गोष्ट हातून सुटू नये म्हणून इथे टिपून ठेवते. साल १८४८, गाव सेंट पीटर्सबर्ग. सव्वीस वर्षांचा एक तरुण, त्याला कथेत नावच नाही. आठ वर्षं त्या शहरात काढली, पण ओळख कोणाशी नाही. ओळख आहे ती घरांशी. रोजच्या वाटेवरची घरं त्याला हाक मारतात, ख्यालीखुशाली सांगतात. एका रात्री कालव्याच्या कठड्याला टेकून रडणारी मुलगी दिसते, नास्तेन्का. वय सतरा. पहिल्याच रात्री ती त्याला अट घालते: माझ्या प्रेमात पडायचं नाही. दुसऱ्या रात्री तिची हकीकत कळते. घरात भाडेकरू होता, त्याच्यावर तिचं मन बसलं. तो मॉस्कोला गेला, वर्षाने येतो म्हणाला. वर्ष भरलंय, तो गावात आल्याचंही कळलंय, पण भेटायला आलेला नाही. आपला नायक तिची चिठ्ठी त्याच्यापर्यंत पोचवायचं काम अंगावर घेतो. चौथ्या रात्री तिची आशा सुटते, हा मन मोकळं करतो, ती हो म्हणण्यापर्यंत येते, आणि तेवढ्यात तो दुसरा समोरून चालत येतो. शेवटचं प्रकरण ‘सकाळ’. त्यात तिचं पत्र.

इंदूर का, तर रात्रीसाठी. पीटर्सबर्ग साठ अंश उत्तरेला. तिथे जूनच्या शेवटी सूर्य क्षितिजाखाली जेमतेम साडेसहा अंश उतरतो, त्यामुळे रात्रभर संधिप्रकाश. आपण साडेबावीस अंशांच्या आसपास, आपल्याकडे अंधार वेळेवर पडतो. पण ‘सुबह-ए-बनारस, शाम-ए-अवध, शब-ए-मालवा’ हे आपल्या गावातलं पोरही जाणतं. पठारावर रात्री जो गारवा उतरतो, त्यासाठी माणसं मुद्दाम बाहेर पडतात. आणि पांढऱ्या रात्रीला मराठीत शब्द आधीपासून आहे: पिठूर चांदणं. सिनेमाचं नाव ‘पिठूर’.

हक्कांचं पाहिलं. लेखक १८८१ मध्ये गेला, तेव्हा मूळ कथा मोकळी आहे. मी जे इंग्रजी भाषांतर वापरतेय ते कॉन्स्टन्स गार्नेट यांचं. त्या १९४६ मध्ये गेल्या. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं धरतात, म्हणजे तेही मोकळं. नवी भाषांतरं अर्थ लावायला शेजारी ठेवू, त्यातलं वाक्य मात्र एकही उचलायचं नाही.

२० जुलै

जागा पाहणी. राजवाडा, खजुरी बाजार, मल्हारगंज, परत कृष्णपुरा. पायी, रात्री नऊ ते साडेबारा.

कथेत नायकाचं एक लाडकं गुलाबी घर आहे. एक दिवस ते घर त्याला सांगतं की मला पिवळा रंग देतायत, आणि याला अतोनात वाईट वाटतं. वाचताना मी इथे फार थांबले नव्हते. आज थांबले. रस्ता रुंदीकरणात अर्धी कापलेली घरं आपल्याकडे कितीतरी आहेत. मल्हारगंजाच्या बाजूला एका घराचा पुढचा भाग गेलाय आणि आतली भिंत उघडी पडलीय. वरच्या माजघराची भिंत हिरवी. त्यात कोनाडा, कोनाड्यात दिव्याच्या काजळीचा डाग. कॅलेंडरच्या खिळ्याखाली चौकोनभर हिरवा रंग बाकीच्या भिंतीपेक्षा गडद राहिलाय. वरून पाऊस पडतोय त्यावर. कोणाच्या तरी घराची आतली बाजू अशी रस्त्यावर आली की बघणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होतं.

आपला नायक या घराशी बोलेल. मोठ्याने नाही, जाता जाता थांबून. तो खंडव्याहून आलेला, आठ वर्षं मल्हारगंजात खोली करून राहिलेला, विजयनगरला नोकरीला. घराकडे बघायला थांबणारा माणूस मुलीकडे बघायलाही नीटच थांबेल, हे पहिल्या पाच मिनिटांत प्रेक्षकाला पटलं पाहिजे.

कालव्याच्या जागी खान नदी. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे होळकरांची स्मारकं, पुलाचा कठडा, खाली पाण्यात दिव्यांच्या रेघा. दादा म्हणाला, “याहून वेगळी जागा शोधायचीच कशाला?” ठरली.

३ ऑगस्ट

मोबाइलचं काय करायचं?

आजचा सगळा दिवस यात गेला. १८४८ मध्ये माणूस मॉस्कोला गेला की वर्षभर गप्प राहू शकतो. आज तो दर रविवारी व्हिडिओ कॉल करेल. ती कठड्यापाशी वाट कशाला बघेल, लोकेशन पाठवेल.

सोप्या वाटा सगळ्या तपासल्या. फोन चोरीला गेला, नंबर बदलला, त्याने ब्लॉक केलं. प्रत्येकीत तो तरी लबाड ठरतो किंवा ती तरी बावळट. मग मूळ पुन्हा वाचलं. तिथे त्याने तिला शब्द दिलेला नाही, हे मी विसरलेच होते. तो म्हणतो, माझ्याकडे आज काही नाही, मी तुला बांधून घेऊ शकत नाही. वर्षाने हात चालता झाला आणि तुझं मन तसंच असलं तर लग्न करू. म्हणजे तो तिला मोकळं सोडून जातो. आपल्याकडेही तसंच करता येईल. तो नाशिकला नोकरीला जातो, जाताना सांगतो की वर्षभर फोन करणार नाही, तूही करू नकोस, नाहीतर तू अडकून पडशील. नंबर तिच्याकडे आहे. रोज रात्री ती त्याचं नाव उघडते, त्याच्या नावाखाली ‘ऑनलाइन’ दिसतं, ती फोन पालथा ठेवते. फोन असून न करणं हे पत्र न येण्यापेक्षा जड आहे. हा प्रसंग मूळ कथेत नाही, पण त्याच कथेतून निघालाय, म्हणून ठेवतेय.

मग चिठ्ठी कशाला? वर्ष उलटल्यावर ती एक मेसेज करते. त्यावर दोन निळ्या खुणा येतात आणि पुढे काहीच नाही. त्यानंतर ती कागद घेते. माणूस हातात कागद घेऊन दारात उभा राहिला तर समोरच्याला निदान तोंड दाखवावं लागतं. आणि तो कागद घेऊन जायला आपला नायक तयार होतो.

१० ऑगस्ट

लेखनातली माझी जोडीदारीण आज एक फार हुशार कल्पना घेऊन आली. वायदा कोजागिरीचा ठेवायचा: “पुढच्या कोजागिरीला, रात्री दहाला, छत्रीपाशी.” गेल्या वर्षी कोजागिरी १६ ऑक्टोबरला होती, यंदा ६ ऑक्टोबरला आहे. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, त्यामुळे तिथी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. अधिक महिना आला की पुन्हा पुढे ढकलली जाते. ती तिथीने मोजते, तो तारखेने. ती सहाला वाट बघते, तो सोळाला येणार असतो. दोघंही खरे.

ऐकताक्षणी मी उडालेच. पंचांगातून निघालेली अडचण, याहून आपली गोष्ट कुठली! दोन तास आम्ही तीच रंगवत बसलो. घरी येताना मात्र मन खाऊ लागलं.

तो उशिरा का आला, हे मूळ कथेत सांगितलेलंच नाही. गावात आलेला असूनही तो तीन रात्री येत नाही. का, ते शेवटपर्यंत कळत नाही, आणि ती विचारतही नाही. तिला ते विचारावंसं वाटत नाही, हेच नायकाचं खरं दुःख आहे. पंचांगाचा खुलासा दिला की त्या चार रात्री म्हणजे तारखेचा घोळ होऊन बसतात. नायकाच्या वाट्याला आलेलं जे काही आहे, ते कुणाच्या चुकीने आलंय असं होतं. तसं ते आलेलं नाही. तिचं प्रेम आधीपासून दुसरीकडे होतं, तिने पहिल्या रात्री सांगितलं होतं, आणि तरी याला व्हायचं ते झालं.

रात्री फोन करून तिला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, “वायदा कोजागिरीचाच ठेव, घोळ काढून टाक.” तसंच करतोय. कोजागिरीला दोघंही येऊ शकत होते. एकच आलं.

१७ ऑगस्ट

संहितेचं पहिलं वाचन, काकूंच्या घरी, रामबागेत. काकू आजीची भूमिका करतायत. वय शहात्तर. तरुणपणी इथल्या गणेशोत्सवातल्या नाटकांत कामं केलेली. आवाज अजून तसाच खणखणीत.

नायिका करणारी मुलगी पहिल्या रात्रीच्या प्रसंगाला अडली. मूळात एक दारुडा गृहस्थ तिच्या मागे लागतो, नायक काठी घेऊन मध्ये पडतो, आणि ती त्याचा हात धरते. ती म्हणाली, “ताई, रात्री साडेदहाला पुलावर एक माणूस मागे लागलाय आणि मी दुसऱ्या अनोळखी माणसाचा हात धरेन? मी तर रिक्षा पकडेन.” नायक करणारा मुलगाही म्हणाला की मला ते करताना कसंतरीच होईल.

दोघंही बरोबर होते. एकतर्फी प्रेमाच्या नावाखाली पाठलाग आपण पडद्यावर फार पाहिलाय, आणि त्यामुळे मुलींना रस्त्यावर काय सोसावं लागतं तेही पाहिलंय. या कथेतला माणूस त्या जातीचा नाहीच. तो घाबरट आहे, बाईशी कसं बोलायचं हेच त्याला ठाऊक नाही. मग सुरुवात अशी का असावी, जिच्यामुळे पुढचा तासभर प्रेक्षक त्याच्याकडे संशयाने बघेल?

काकूंनी मार्ग काढला. “अगं, सराफ्यात भेटू देत ना. तिथे कोण कुणाला खेटून उभं असतं, कळतं का?” बरोबर! सराफ्यात दिवसा सोन्याचांदीच्या पेढ्या, रात्री तिथेच खाण्याचे ठेले. पुलावर तो तिला रडताना बघतो आणि काही न बोलता पुढे जातो. तासाभराने सराफ्यात, भुट्ट्याच्या किसाच्या ठेल्यावर, गर्दीत दोघं शेजारी उभी. ठेलेवाल्याला वाटतं जोडपंच आहे. तो दोन दोने, म्हणजे द्रोण, एकत्र सरकवतो आणि पैसेही एकत्रच सांगतो. ती म्हणते, “आम्ही बरोबर नाही.” हा म्हणतो, “वेगवेगळे घ्या, भिया.” त्यांच्यातलं पहिलं बोलणं हेच. सगळी गोष्टच त्यात आली, आणि कोणी कोणाच्या मागे गेलं नाही.

पुढचं वाक्य ती बोलते. आधी बोलायचा हक्क तिच्याकडे.

६ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी

कॅमेऱ्याची चाचणी. आजचीच रात्र मुद्दाम निवडली. गिरण्या बंद पडून तीसेक वर्षं होत आली तरी गिरणी कामगारांच्या झांक्या, म्हणजे दिव्यांचे चित्ररथ, रात्रभर निघतात, राजवाड्यापासून कृष्णपुऱ्यापर्यंत पाय ठेवायला जागा नसते. एवढ्या प्रकाशात आणि एवढ्या माणसांत आमचा नायक एकटा दिसतो का, हे बघायचं होतं. दिसतो. ५० मिलीमीटरची लेन्स, मागची झांकी पूर्ण धूसर, तो राजवाड्याच्या पायाशी उभा. वर लाकडी मजल्यांवर रंगीत दिव्यांची उघडझाप. दिग्दर्शन काही न करता मिळालेला शॉट.

अडचण निघाली ती स्वस्त एलईडी दिव्यांची. सेकंदाला २४ फ्रेमवर घेतलं तर ठेल्यांवरच्या दिव्यांच्या काळ्या पट्ट्या चित्रावर सरकताना दिसतात. आपली वीज ५० हर्ट्झची. २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवलं की पट्ट्या बहुतेक जातात. दादाने वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवलंय. तरी दोन दिवे ऐकत नाहीत, ते त्या रात्री ठेलेवाल्यांना विनंती करून बदलावे लागतील. साधे पिवळे बल्ब आम्हीच नेऊ.

१४ सप्टेंबर

सेफ्टी पिन.

मूळ कथेत आंधळी आजी नातीचा झगा आपल्या झग्याला टाचणीने टोचून ठेवते, नात नजरेआड जाऊ नये म्हणून. भाडेकरू आत येतो, नास्तेन्का टोचलेली आहे हे विसरून ताडकन उठते, आणि आजीची खुर्ची सरकते. किती बारीक बघितलंय! एका खुर्चीच्या सरकण्यात लाज, प्रेम आणि कैद तिन्ही.

आज २०२५ मध्ये कोण कुणाला टाचणार? मी ते काढून टाकायला निघाले होते. काकू ऐकेनात. त्यांचं म्हणणं, कैद म्हणून नको करू, गरज म्हणून कर. आमची आजी काचबिंदूने आंधळी झालेली, आणि घरात दोघीच. रात्री उठताना पडली तर? म्हणून झोपताना तिच्या पदराला नातीची ओढणी टाचलेली. नातीनेच टाचलेली. मग तीच सवय दिवसाही लागली. काकूंनी हे सांगता सांगता बांगडीत अडकवलेली पिन काढली, समोर बसलेल्या मुलीची ओढणी ओढली आणि आपल्या पदराला लावूनही टाकली. सगळं न बघता, बोटांनी. बोट टोचू नये म्हणून पिनेच्या टोकाखाली अंगठ्याचं नख धरलं होतं त्यांनी. तो अंगठा मला जवळून हवाय.

मग तालीम. भाडेकरू दारात येतो, मुलगी उठते, काकू खुर्चीत. पहिल्या वेळी ओढणी फाटली. दुसऱ्या वेळी पिन उघडली. तिसऱ्यांदा खुर्ची खरोखर वीतभर सरकली आणि कोट्याच्या फरशीवर तिचा पाय कर्कश वाजला. तो आवाज संपल्यावर कोणीच हललं नाही. काकू आंधळ्या डोळ्यांनी नातीच्या दिशेने वळल्या आणि हळूच म्हणाल्या, “कोण आलंय?” संहितेत हे वाक्य नव्हतं. आता आहे.

खुर्चीचा आवाज आजच फोनवर चारदा रेकॉर्ड करून ठेवला. अशी वाजणारी खुर्ची पुन्हा मिळायची नाही.

२४ सप्टेंबर

परवानगी. एका कार्यालयातून दुसरीकडे, तिथून तिसरीकडे. पहिल्या ठिकाणी तोंडी हो म्हणाले होते, आज त्याच ठिकाणी असा अर्ज आलाच नाही म्हणून सांगितलं. चार चकरा आणि आठ दिवस गेले. छायाप्रतींवर पोच घेतली नव्हती. इथून पुढे शिक्क्याशिवाय कागद सोडायचा नाही. शेवटी लहान कॅमेरा, तिपाई नाही, रस्ता अडवायचा नाही, या अटींवर होकार मिळाला.

२८ सप्टेंबर

याच कथेवर आधी झालेले सिनेमे मी आजवर मुद्दाम पाहिले नव्हते. आज इटालियन दिग्दर्शक विस्कोन्तीचा १९५७ चा पाहिला. सगळं गाव स्टुडिओत उभारलेलं, कालवे, पूल, आणि शेवटी बर्फ. डोळ्यांचं पारणं फिटतं. पण मला त्यातून मिळालं ते वेगळंच: त्याने नायकाला हसरा, चारचौघांत मिसळणारा केलाय, आणि तरी तो एकटा वाटतो. आमच्या नायकाला मी फार मान खाली घालून चालवत होते. उद्याच सांगते त्याला, ठेलेवाल्यांशी हसून बोल. आठ वर्षं झालीत तुला या गावात.

६ ऑक्टोबर, कोजागिरी

रात्री आठ ते पहाटे तीन. पहिल्या आणि तिसऱ्या रात्रीचे पुलावरचे प्रसंग.

डोळ्यांना जे चांदणं लख्ख दिसतं, ते कॅमेऱ्याला जवळजवळ दिसतच नाही. पौर्णिमेचा प्रकाश अर्धा लक्ससुद्धा भरत नाही. दादाने शेजारच्या गच्चीवर पांढरी चादर ताणली, तिच्यावर एक एलईडी पॅनल मारला आणि तिथून परतून येणारा उजेड घेतला. चेहऱ्यावर सावली अशी पडतच नाही, पिठासारखा उजेड पसरतो. ढग आले-गेले. खऱ्या चंद्राचे दोन शॉट मिळाले.

तिसऱ्या रात्री ती आनंदात आहे, कारण चिठ्ठी पोचलीय. ती नायकाला सांगते, तुझा स्वभाव किती चांगला आहे, तू माझ्या प्रेमात पडला नाहीस म्हणून तू मला इतका आवडतोस. हे ऐकताना त्याने काय करायचं? मी त्याला काहीच सांगितलं नाही. त्याने मान डोलावली आणि कठड्यावरचा पोपडा नखाने काढत राहिला. तिला तो पोपडा दिसत नव्हता, कॅमेऱ्याला दिसत होता.

बारा वाजता सगळ्यांना मसाला दूध. काकूंनी रामबागेतून मोठी कासंडी भरून पाठवली होती, वर चारोळ्या. छत्रीच्या पायरीवर बसून प्यायलो. तिथे रात्री कागद-बाटल्या वेचणाऱ्या एक मावशी होत्या, त्यांनाही दिलं. त्यांनी विचारलं, “सिनेमात मुलगी कोणाबरोबर जाते?” मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग हा मुलगा घरी कसा जाईल?” याचं उत्तर संहितेत नव्हतं. चौथ्या रात्रीच्या शेवटी मी सरळ कट लिहिला होता.

९ ऑक्टोबर

चौथी रात्र. आज सगळ्यात अवघड दिवस, आणि याच्यासाठीच हा सगळा खटाटोप.

मावशींच्या प्रश्नाने त्या रात्री झोपू दिलं नाही. मग परवा साधी गोष्ट सुचली. तो तिला स्कूटरवरून घेऊन येतो ना? या ऑगस्टमध्ये इंदुरात हेल्मेटशिवाय पेट्रोल न देण्याचा नियम आला, तेव्हापासून घरोघरी दोन-दोन हेल्मेटं झालीत. तिने गाडीवरून उतरताना आपलं हेल्मेट काढून त्याच्या हातात दिलेलं. पुढचा सगळा प्रसंग, त्याचं मन मोकळं करणं, तिचं रडणं, दोघांनी उद्याचे बेत करणं, या सगळ्यात ते हेल्मेट त्याच्याच हातात आहे.

मग समोरून तो येतो. मूळात ती नायकाचा हात सोडून धावत त्याच्याकडे जाते, पुन्हा वाऱ्यासारखी परत येते, याच्या गळ्यात हात टाकते, आणि एक शब्द न बोलता निघून जाते. कॅमेरा तिच्यामागे न्यायचा नाही, हे पहिल्यापासून ठरलेलं. कॅमेरा त्याच्यावर. ती चौकटीबाहेर जाते, पावलं ऐकू येतात, थांबतात, परत येतात, ती चौकटीत शिरते, मिठी, पुन्हा बाहेर.

सात टेक झाले. पहिल्या चारांत तो रडत होता. रडणं खरं होतं, पण चुकीचं होतं. तो रडला की ती दोषी दिसते, आणि या कथेत ती दोषी नाही. तिने काही लपवलं नाही, काही कबूल करून मोडलं नाही. ती ज्याची वाट बघत होती, तो आला. मी त्याला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं की तुला तिच्यासाठी आनंद झालाय, आणि तो आनंद तुझ्याच अंगावर पडलाय. पाचव्या टेकला ती मिठी मारून वळली आणि त्याने नकळत हेल्मेट पुढे केलं. “हे घेऊन जा,” म्हणावं तसं. तोंडून शब्द नाही. ती गेलेली. हात तसाच पुढे.

मॉनिटरमागे दादा पाठमोरा झाला. मी कट म्हणायला विसरले. चित्र चालूच राहिलं, आणि तो दोन हेल्मेटं घेऊन कठड्याला टेकला. पुढचे दोन टेक फक्त सुरक्षिततेसाठी घेतले, घेणार आहोत तो पाचवाच.

१२ ऑक्टोबर

‘सकाळ’. पुढच्या आठवड्यात धनत्रयोदशी. सराफ्यातल्या पेढ्या आता उशिरापर्यंत उघड्या राहतील, म्हणून आजच उरकलं. मध्यरात्रीनंतर ठेले आवरायला लागतात, तिथपासून पहाटेपर्यंत. कढया उलट्या, शटरच्या पायऱ्या पुसल्या जातात. मग झाडणारी मोठी यंत्रं येतात, त्यांच्यामागे रस्ता ओला आणि रिकामा. अर्ध्या तासापूर्वी जिथे पाऊल टाकायला जागा नव्हती, तिथे नुसते दिवे चमकतात. कथेतली सकाळ पावसाची आणि उदास आहे. आम्हाला पाऊस उभा करावा लागला नाही.

तो त्या ओल्या रस्त्यावरून गाडी ढकलत नेतो. पेट्रोल संपलंय म्हणून नाही. गाडी चालू केली तर रात्र संपेल, म्हणून. सव्वापाचला पहिल्या पोह्यांच्या गाडीवर वाफ दिसली, तिथे पॅकअप.

पत्राचा शॉट खोलीत घेतला. तिची लग्नपत्रिका, आणि कोपऱ्यात हाताने लिहिलेल्या चार ओळी.

२ नोव्हेंबर

रफ कट एक्काहत्तर मिनिटं. बारा तरी काढायची आहेत. आज सहा काढली. नायकाचं दुसऱ्या रात्रीचं स्वप्नांबद्दलचं लांबलचक बोलणं निम्म्यावर आणलं. मूळात तो पानंच्या पानं बोलतो, आणि ती म्हणते की तू पुस्तक वाचल्यासारखं बोलतोस. ते वाक्य राहायचं असेल तर त्याने थोडं तरी जास्त बोललंच पाहिजे. म्हणून निम्मं.

एका जाणत्या माणसाला कट दाखवला. त्यांचं मत, भाषा शुद्ध करून डब करा, महाराष्ट्रात ‘करून राहिलीय’ आणि ‘भिया’ खटकेल. नम्रपणे नाही म्हटलं. ही मुलगी रामबागेत वाढली, ती असंच बोलते. तिच्या तोंडी पुण्याची भाषा घातली तर ती पहिल्या वाक्यालाच खोटी होईल, मग पुढचं प्रेम कोण खरं मानणार?

१६ नोव्हेंबर

आवाजाचं काम संपत आलं. सराफ्यातला संवाद सगळा पुन्हा घ्यावा लागला, कढईचा आणि माणसांचा कल्ला फार. खुर्चीचा आवाज मात्र सप्टेंबरमधला, फोनवर घेतलेलाच वापरला. चांगल्या माइकने पुन्हा करून पाहिला, तो नुसता खुर्चीचा वाटतो.

संध्याकाळी काकूंच्या घरी सगळ्यांनी मिळून बघितला, त्यांच्या टीव्हीवर. एकूण अठ्ठावन्न मिनिटं. खुर्ची सरकली तेव्हा काकूंचा हात आपोआप पदराकडे गेला. शेवटी पत्रिका आली, ओळी वाचून झाल्या, तो खिडकीतून बाहेर बघतो, आणि काळा पडदा. बराच वेळ कोणी दिवा लावला नाही.

काकूंनी विचारलं, “तिचं हेल्मेट?”

मी म्हटलं, “त्याच्याचकडे.”

“दिसत नाही कुठे.”

खरंच दिसत नाही. पत्राच्या शॉटमध्ये खोलीत ते कुठेच नाही, मी ठेवायचंच विसरले होते. मी म्हटलं, तो लग्नाला जाऊन परत करेल, असं काही दाखवू का? काकूंनी मान हलवली. “परत कशाला करायला लावतेस? खुंटीला असू दे.”

शनिवारी खोली पुन्हा मिळतेय, दुपारी चार ते सहा. खिडकीतला उजेड तेव्हा डावीकडून येतो, जुन्या शॉटशी जुळेल. नायकाला निळा शर्ट न धुता आणायला सांगायचंय. दादाला ३५ची लेन्स. हेल्मेट माझ्याकडेच आहे, दाराच्या खुंटीला.